टेस्मरबाईंची जागा

टेस्मरबाईंच्या नवऱ्याची कबर माझ्यामुळे गेली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ड्रेवेन गावात ही गोष्ट दहा तोंडांनी दहा प्रकारे सांगितली जाते आणि त्यातल्या नऊ प्रकारांत मी फार भली बाई ठरते. मी भली नाही, मी नीटनेटकी आहे. या दोन गोष्टींत फरक असतो, हे कळायला मला शहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं.

माझं नाव रोस्विता लेमके. तेवीस वर्षं मी गावची बालवाडी चालवली. एका काळी माझ्या हाताखाली चौसष्ट मुलं होती. मग पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सीमा उघडली, तरुण माणसं कामधंद्यासाठी पश्चिमेकडे गेली, त्यांच्या मागोमाग मुली गेल्या आणि मुलीच गेल्यावर बाळं कुठून येणार? शेवटच्या वर्षी माझ्याकडे पाच मुलं उरली होती, त्यांत एक जुळी जोडी. शहाण्णव साली बालवाडीला कुलूप लागलं. काही वर्षांनी ते उघडलं तेव्हा आत वृद्धाश्रम निघाला. ज्या खोलीत मी मुलांना दुपारच्या जेवणानंतर दटावून झोपवायची, त्याच खोलीत आता माझ्या वयाची माणसं झोपतात. दटावायला पोलंडहून आलेल्या बाया आहेत.

टेस्मरबाई माझ्या शेजारीण, पण घराच्या नव्हेत, कबरस्थानातल्या. त्यांचा लोथार अठ्ठ्याण्णव साली गेला. माझा एगोन दोन हजार आठ साली गेला, तेव्हा लोथारच्या शेजारची जागा मोकळी होती आणि पाण्याचा नळ तिथून दहा पावलांवर होता, म्हणून मी ती घेतली. दोघांपुरती जागा, डावीकडे एगोन, उजवीकडे मी. तेव्हापासून पंधरा वर्षं टेस्मरबाई आणि मी त्या नळावर भेटत होतो. दोघींच्या झाऱ्या तिथल्या लोखंडी दांडीला साखळीने बांधलेल्या, साखळीला कुलूप, कुलपाची किल्ली गळ्यात. कबरस्थानात कोण झारी चोरणार असं मला कुणी विचारू नका, माझ्या दोन गेल्या आहेत.

टेस्मरबाई रेल्वे-फाटकावर कामाला होत्या. तीस वर्षं फाटक उघडलं आणि लावलं. मग गाडीच बंद झाली. बोलणं फाटकासारखंच, एकदा खाली आलं की आलं. पंधरा वर्षांत आमचं कधी अगं-तुगं झालं नाही. मी सवयीप्रमाणे काहीतरी सुचवायला जायची, म्हणजे बेगोनियाच्या दोन रोपांत वीतभर अंतर हवं वगैरे, आणि त्या कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "लेमकेबाई, माझ्या लोथारला तुमच्या बालवाडीत घालू नका."

त्यांच्या दगडावर लोथारच्या नावाखाली त्यांचंही नाव कोरलेलं होतं, एडेलट्राउट टेस्मर, पुढे जन्माचं साल, मग एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. आमच्याकडे पुष्कळ बायका असं करून ठेवतात, मीही केलं होतं. टेस्मरबाई ती कोरी जागा मऊ फडक्याने विशेष जोर लावून पुसायच्या. म्हणायच्या, माझी खोली तयार आहे, नुसती तारीख घालायची राहिली आहे.

ही गोष्ट त्यांच्यासाठी किती मोठी होती हे सांगितलं पाहिजे. त्यांना एकच मुलगा, टॉर्स्टेन, तो कॅनडात. सून तिथलीच, नातवंडांना आजीची भाषा येत नव्हती. स्वतःचं घर विकून भाड्याच्या घरात राहायच्या, फाटक नाही, गाडी नाही. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी आता हिरवळीसाठी सह्या करून ठेवल्या होत्या. हिरवळ म्हणजे कबरस्थानाच्या मागचा गवताचा पट्टा. तिथे राख पुरतात, वर गवत पेरतात, नाव नाही, दगड नाही, फूलही ठेवायचं नाही. पोरं लांब असतात, त्यांच्या मागे कबरीचं लचांड नको, असं सगळे म्हणतात. टेस्मरबाईंना ते ऐकवत नसे. नळावर एकदा मला म्हणाल्या, "जन्मभर माझ्या दारावर नावाची पाटी होती, मेल्यावर का नको? कुत्रं पुरतात तसं पुरायचं मला? मला लोथारजवळ पडायचंय आणि वर माझं नाव पाहिजे. यापेक्षा जास्त मी कुणाकडे काही मागितलेलं नाही." मागितलं नव्हतंच, याला मी साक्षीदार आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या घराच्या पायरीवर घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. शहरातलं इस्पितळ, मग जखमेत पू, मग दुसरं ऑपरेशन. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी गळ्यातली झारीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. लोथारचं बघा, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, काळजीच सोडा. आणि मी खरोखर असं बघितलं की एगोनच्या कबरीवर गवत उगवलं असेल, पण लोथारच्या नाही.

एप्रिलात एके दिवशी सकाळी गेले तर लोथारच्या दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. दर वर्षी थंडी सरली की कबरस्थानाचा माणूस एकेक दगड हाताने ढकलून बघतो आणि जो हलतो त्यावर पिवळी चिठ्ठी डकवतो. दगड पक्का करून घ्या, नाहीतर कुणाच्या अंगावर पडेल, असं त्यात असतं. पिवळी चिठ्ठी म्हणजे नामुष्की. येणारा-जाणारा बघतो आणि मनात म्हणतो, यांचं कुणी करणारं दिसत नाही. माझ्याकडे सोपवलेल्या कबरीवर अशी चिठ्ठी लागावी हे मला सहन होईना.

चष्मा घरी राहिला होता. चिठ्ठीवर बारीक टाइपात चार ओळी होत्या, कुठल्याशा कलमाचा आकडा होता. पण वाचायची गरज काय, चिठ्ठीत काय असतं हे मला पाठ होतं. मी दगडाला हात लावून रेटलं. थोडा हलला. खरं सांगायचं तर तो हलावा अशा बेताने मी रेटलं असेन. तसंच घरी येऊन हार्टविगला फोन केला. तो पाथरवट, शेजारच्या गावचा, लहानपणी माझ्या बालवाडीत होता, अजूनही मला घाबरतो. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने दगडाच्या बुडाशी सिमेंट भरून दिलं. मग मी गरम पाणी आणि व्हिनेगर घेऊन बसले आणि ती चिठ्ठी अशी सफाईने काढली की डिंकाचा डागसुद्धा राहिला नाही.

टेस्मरबाईंना फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं की तुमचा दगड हलत होता, बसवून घेतला. त्या म्हणाल्या, "माझा दगड कधी हलत नव्हता, लेमकेबाई. लोथार हलणाऱ्यांतला नाही." मी हसले. म्हातारपणात माणसाला आपलं काही डळमळलेलं मान्य नसतं, असं मी मनाशी म्हटलं.

उन्हाळा गेला. टेस्मरबाई इस्पितळातून सुटल्या, पण घरी नाही, थेट आमच्या वृद्धाश्रमात आल्या. त्यांना खिडकीजवळची खोली मिळाली, माझ्या वेळी तिथे रंगांचे डबे असायचे. जखम पुरती भरली नव्हती, खुर्चीत बसायची परवानगी नव्हती. मी दर मंगळवारी जायची आणि बागेचा अहवाल द्यायची. ऑक्टोबरात मी पंधरा दिवस मुलीकडे श्टुटगार्टला गेले.

परत आले आणि बॅग घरात टाकून आधी कबरस्थानात गेले. नळापाशी आले, झारी सोडवली, भरली, वळले आणि लोथार नव्हता. दगड नाही, कडेचे चिरे नाहीत, बेगोनिया नाही. एगोनच्या शेजारी दाताळ्याने सारखी केलेली भुरी माती, तिच्यावर गवताचं बी आणि पाखरांनी बी खाऊ नये म्हणून ताणलेली दोरी. एवढं व्यवस्थित काम होतं की मी केलं असतं तर असंच केलं असतं. मी भरलेली झारी हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. बूट भिजले तेव्हा कळलं की पाणी सांडतंय.

कबरस्थानाची कचेरी पूर्वी आमच्याच गावात होती, आता माणसंच उरली नाहीत म्हणून सात गावांची मिळून एक केली आहे, चाळीस किलोमीटरवर. तिथल्या कारकून मुलीने फोनवर अगदी गोड आवाजात सगळं वाचून दाखवलं. आमच्याकडे कबरीची जागा पंचवीस वर्षांसाठीच मिळते आणि लोथारची मुदत मे महिन्यात संपत होती. जागा पुढे ठेवायची असेल तर अर्ज करा, असं पत्र टेस्मरबाईंच्या नावे गेलं होतं. त्यांचं टपाल मुलाने कॅनडाला वळवून घेतलं होतं आणि तिथे ते न उघडता पडलं होतं, हे मला नंतर कळलं. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून नियमाप्रमाणे एप्रिलात दगडावर चिठ्ठी लावली. हो, पिवळीच, कचेऱ्या एक झाल्यापासून सगळ्या चिठ्ठ्या पिवळ्या. जुलैत माणूस पुन्हा बघायला गेला.

"तेव्हा चिठ्ठी काढलेली होती," ती म्हणाली. "फाटलेली नाही, नीट काढलेली. म्हणजे घरच्यांनी वाचली, असं आम्ही धरतो. तरी अर्ज आला नाही, तेव्हा त्यांना जागा नको असणार."

मी विचारलं, चिठ्ठी जागच्या जागी असती तर? तर आणखी वर्षभर थांबलो असतो, ती म्हणाली, तसा आमचा शिरस्ता आहे.

मी अर्ज करते म्हटलं, आजच करते. तर त्या ओळीत आता नव्या कबरी द्यायच्या नाहीत, असं ठरलेलं. जिची मुदत सरेल ती जागा गवतात घ्यायची, म्हणजे कापणीचं यंत्र सरळ जातं. लोथारला कुणी हलवलं नव्हतं, तो खाली होता तिथेच होता. पण वर आता त्याची जागा अशी काही नव्हती. दगडाचं विचारलं तर रस्त्याच्या खडीसाठी गेला म्हणाली. मी हार्टविगला गाडी काढायला लावून त्या खडीच्या कारखान्यातही गेले. तिथे ढिगारेच ढिगारे होते, गुळगुळीत तुकड्यांवर सुटी अक्षरं दिसत होती. हार्टविग अर्धा तास शोधत फिरला. शेवटी मीच त्याला चल म्हटलं.

त्या मंगळवारी मी टेस्मरबाईंना सांगणार होते. दारातून आत गेले, त्यांनी उशीवरून मान वळवली आणि विचारलं, बेगोनिया काढून टाकलीत ना, गारठ्याने काळी पडतात. मी हो म्हटलं. काढलेली होतीच, खोटं नव्हतं. पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, थंडीतल्या फुलांचं हीदर लावलंत का, पांढरं लावा, गुलाबी लोथारला आवडायचं नाही. लावलं म्हटलं, पांढरं. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी फरच्या झाडाच्या फांद्यांचं विचारलं. हिवाळ्यासाठी कबरीवर फांद्या अंथरतात, टोकं सगळी एका दिशेने हवीत, असं त्यांनी मला हाताने हवेत आखून दाखवलं. मी म्हटलं, अगदी तशीच अंथरली आहेत. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी मुलांसारखी खोटं बोलायला लागले होते आणि मुलांपेक्षा सफाईने.

चौथ्या आठवड्यात त्यांची जखम भरली. मृतांच्या रविवारी, म्हणजे आमच्याकडे जेव्हा सगळे आपापल्या कबरींवर जातात त्या नोव्हेंबरातल्या रविवारी, त्यांना चाकाच्या खुर्चीतून कबरस्थानात न्यायचं ठरलं. बोझेना नावाची वृद्धाश्रमातली सेविका नेणार होती. टेस्मरबाईंनी काळा कोट इस्त्रीला दिला, केस सेट करून घेतले. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी शुक्रवारी गेले आणि सांगितलं. खुर्ची ओढून बसले नाही, कोटही काढला नाही, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठी, चष्मा, सिमेंट, व्हिनेगर, हीदर, फांद्या. मी भिंतीकडे बघत बोलत होते. बोलणं संपल्यावर त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले होते. रडत नव्हत्या.

"फांद्यांची टोकं," त्या म्हणाल्या. "टोकं एका दिशेने आहेत म्हणालात तुम्ही." मग म्हणाल्या, "बाहेर व्हा."

रविवारी मला वाटलं त्या येणार नाहीत. आल्या. काळा कोट, सेट केलेले केस. मी एगोनपाशी उभी होते. बोझेनाने खुर्ची वाटेवर थांबवली. टेस्मरबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी त्या कोवळ्या गवताकडे बराच वेळ बघितलं आणि मग बोझेनाला विचारलं, तो इथपासून इथपर्यंत असेल ना? बोझेना बिचारी काय सांगणार? तिने लोथारला कधी पाहिलं नव्हतं, त्याची कबरही नाही. मांडीवर एक छोटं पुष्पचक्र होतं, ते टेस्मरबाईंनी बोझेनाला गवतावर ठेवायला लावलं. सोमवारी कबरस्थानाच्या माणसाने ते उचललं, कारण गवतावर काही ठेवायचं नसतं. त्याने माझ्या देखत उचललं.

त्यानंतर दोन मंगळवार मी वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. बोझेना दारातच सांगायची, आज नको म्हणतात. घरी येऊन मी स्वयंपाकघरातली कपाटं आवरली, मग तळघर आवरलं. आवरून काही होत नव्हतं. मला एकाएकी माझ्या हातांचाच राग यायला लागला. सगळं जागच्या जागी ठेवणारे हात, दुसऱ्याचं विचारल्याशिवाय हलवणारे. तेवीस वर्षं मुलांचे डबे, मोजे, नाकं मी न विचारता पुसली आणि लोकांनी कौतुक केलं. कुणीतरी वेळेवर एक फटका मारायला हवा होता.

तिसऱ्या मंगळवारी मी बोझेनाला बाजूला सारून आत गेले. टेस्मरबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी त्यांच्या पाठीशी बोलले. म्हटलं, माझी जागा घ्या. एगोनच्या उजवीकडची अर्धी जागा माझी, ती बरोबर लोथारच्या बाजूला येते, मध्ये एक हाताचं अंतर. दगडावर तुमचं नाव घालू. कचेरीत विचारून आले आहे, मी सही दिली तर चालतं. माझं नाव घासून काढता येतं, हार्टविग म्हणाला.

त्यांनी सावकाश कूस बदलली. मांडी दुखत असणार, पण मदत घेतली नाही.

"तुमच्या नवऱ्याच्या शेजारी मी?"

"हो."

"म्हणजे दोन पुरुषांच्या मध्ये. गावात काय म्हणतील?"

"गावात म्हणायला उरलंय कोण?"

त्यांच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं, पण हसू नव्हतं. "आणि तुम्ही कुठे जाणार?"

"हिरवळीत."

"गवतात."

"गवतात. माझी मुलगी श्टुटगार्टला असते. तिला सोपं पडेल."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, फाटकावर उभं राहून लांबची गाडी बघावी तसं. मग म्हणाल्या, "लेमकेबाई, एक ऐकून ठेवा. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आता आणखी दोन वर्षं जगले तरी करणार नाही. जागा घेते."

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? बाहेर येऊन मी कपडे अडकवायच्या खुंट्यांपाशी बाकावर बसले. खुंट्या अजून मुलांच्या उंचीच्याच आहेत, कुणी बदललेल्या नाहीत. तिथे बसून मी ढसाढसा रडले. बोझेनाने कॉफी आणून दिली, काही विचारलं नाही.

कागद झाले. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, आणि बाबांचं काय? मी म्हटलं, बाबा आहेत तिथे आहेत, त्यांना काही होत नाही. ती म्हणाली, तसं नाही विचारलं मी. मी विषय बदलला.

टेस्मरबाई दोन वर्षं जगल्या नाहीत. फेब्रुवारीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेल्या. शेवटच्या मंगळवारी मी पाणी पाजलं तेव्हा प्यायल्या, पण बोलल्या नाहीत. टॉर्स्टेनला येणं जमलं नाही, त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि दोनदा माझे आभार मानले. पत्र उघडलं नव्हतं, चर्चच्या वर्गणीचं असेल असं वाटलं, म्हणाला. त्याला काही बोलण्याचा मला अधिकार नव्हता. मी उघडी चिठ्ठी वाचली नव्हती.

दफनाला आम्ही चौघं होतो, मी, बोझेना, हार्टविग आणि खड्डा खणणारा. जमीन गोठलेली, त्यामुळे त्याला वेळ लागला. पेटी खाली गेली ती लोथारच्या बाजूला जरा तिरकी टेकली. खणणारा ती सरळ करायला निघाला, मी त्याला राहू दे म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच मी काहीतरी वाकडं तसंच राहू दिलं असेल.

मे महिन्यात हार्टविगने एगोनचा दगड परत आणून बसवला. माझं नाव घासल्यामुळे तिथे दगड थोडा आत गेला आहे आणि त्या खोलगट भागात त्यांचं नाव आहे, दोन्ही सालांसकट. नवखा कुणी आला तर त्याला वाटेल, एगोन लेमकेची बायको एडेलट्राउट टेस्मर. वाटू दे. मी हिरवळीच्या कागदावर सही करून आले. त्या कारकून मुलीने विचारलं, गवतात नेमकी कुठली जागा मिळेल हे आम्ही सांगत नाही, चालेल ना? मी चालेल म्हटलं.

रोज सकाळी मी दोघांना पाणी घालते. टेस्मरबाईंच्या बाजूला पांढरं हीदर लावलं आहे. उरलेलं पाणी गवताच्या त्या पट्ट्यावर, साधारण इथपासून इथपर्यंत, ओतते. मग एगोनकडे वळते. एक्केचाळीस वर्षं आम्ही एका पलंगावर झोपलो आणि तो गेल्यापासून मी त्याला रोज सगळं सांगत आले. मुलीची खुशाली सांगते, गावात कोण गेलं ते सांगते, हार्टविगला नातू झाला तेही सांगितलं. एवढंच सांगितलेलं नाही की मी त्याच्याजवळ येणार नाही. रोज ठरवून जाते, पण जीभ रेटत नाही.